पाठीची वही

९ फेब्रुवारी

आत्या,

फोन करण्यात आता अर्थ उरला नाही. परवा अर्धा तास ओरडत होते, तुला ऐकू आलं नाही ते नाहीच, पण माझी शेजारीण मात्र दारात येऊन विचारून गेली, "भांडण कुणाशी?" म्हणून पत्र.

बातमी अशी, की मला तुझा वॉर्ड मिळाला. तोच, तळमजल्यावरचा, अठ्ठावीस खाटांचा. खिडक्या त्याच, फक्त आता उघडत नाहीत. मेट्रनच्या खोलीबाहेर भिंतीवर तुझा फोटो आहे: डोक्यावर ती कडक टोपी, आणि चेहरा असा की फोटो काढणाऱ्यालाही बेडपॅन धुवायला पाठवलं असशील. मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण पहिल्याच दिवशी मेट्रन म्हणाल्या, "तुम्ही सिस्टरच्या भाची ना? नाक तेच आहे."

आम्ही दोघी असतो. अठ्ठावीस पेशंट, मी आणि माझी जोडीदार. तिसरी म्हणजे एक चाकांची ढकलगाडी, तिच्यावर स्क्रीन. तिचं नाव आम्ही 'सासू' ठेवलंय, कारण काहीही केलं तरी ती कुरकुरते. गोळी द्यायची तर आधी पेशंटच्या मनगटावरची पट्टी तिला दाखवायची, मग गोळीचं पाकीट दाखवायचं, मग ती हो म्हणणार. जे पेशंट पडून असतात त्यांची दर दोन तासांनी कूस बदलायची आणि स्क्रीनवर टिक करायची. उशीर झाला की पेशंटचा चौकोन लाल. तीन चौकोन लाल झाले की वर मेट्रनच्या खोलीत घंटा. मग मेट्रन खाली येत नाहीत, फोन करतात. तो फोन घ्यायला माणूस लागतं, तेवढ्यात चौथा लाल.

तू कसं निभावलंस गं बारा वर्षं? काही युक्ती असेल तर सांग.

तुझी चिंगी

—

१७ फेब्रुवारी

चिंगे,

युक्ती एकच. कामाला जायचं ते काम करायला जायचं.

आमच्या वेळी सिरिंज काचेची असायची, ती उकळायची. सुई बोथट झाली की दगडावर घासायची. चादरीचा कोपरा पाकिटासारखा दुमडला नाही तर मी सगळी खाट उसकटून टाकायची, मग त्यात पेशंट असला तरी. सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाची पाठ करायची. पाठ करायची म्हणजे काय, ते तुला शिकवलं तरी का? साबणपाण्यानं धुवायची, स्पिरिट लावून तळहातानं चोळायची, वर पावडर. हात फिरला की कळतं, कातडी कुठे तापलीय, कुठे पातळ झालीय. तुमच्या सासूला तळहात आहे का?

आणि माझी एक वही होती. पाठीची वही. रोज प्रत्येक पाठ बघून मी त्यात सही करायची. दोन रकाने: 'आपल्याकडे झालेली' आणि 'घरून आणलेली'. बारा वर्षांत पहिल्या रकान्यात एकही जखम नाही. ती वही पाहुण्यांना दाखवायचे. तुम्ही मशिनला टिका दाखवता.

तुझी मेट्रन माझ्याच हाताखाली शिकली. तेव्हा तिला सगळ्या 'मुकी' म्हणायच्या. तोंडातून शब्द फुटायचा नाही, आणि एकदा फुटला तो नको तिथे. मी तिला सरळ केली. आज मेट्रन आहे ती त्याचमुळे. तिला विचार, नाही म्हणणार नाही.

कुरकुर बंद कर. नाक माझं घेतलंस तर बाकीचंही घे.

आत्या

—

४ मार्च

आत्या,

हे तुलाच सांगतेय. जोडीदारणीलाही सांगितलेलं नाही.

नऊ नंबरला एक शिंपीकाका आहेत. अर्धांगवायू, डावी बाजू गेलेली, बोलणंही गेलेलं. उजव्या हाताची दोन बोटं मात्र सारखी चादरीच्या काठावरून फिरतात, टाके मोजल्यासारखी. मी चेष्टेनं म्हणायचे, "काका, माझा ब्लाउज झाला का?" तर डोळ्यांनी हसायचे.

गेल्या मंगळवारी जोडीदार रजेवर. बदली मुलगी आली ती दुपारी. सकाळपासून अठ्ठावीस जण आणि मी. दहाच्या सुमारास एकवीस नंबरच्या बाईंच्या टाक्यांतून रक्त सुरू झालं. मी तिथे दाबून उभी. डॉक्टर वरच्या मजल्यावर. इकडे सासू पेटलेली, लाल, लाल. घंटा झाली असती, फोन आला असता, आणि फोन घ्यायला हात सोडला असता तर ती बाई गेली असती. मी एका हातानं स्क्रीन ओढली आणि टिका करून टाकल्या. आम्ही सगळ्याच करतो. आधी टिक, मग कूस. मनात म्हणतो, आत्ता करते.

शिंपीकाकांची दहाची टिक केली, बाराची केली, दोनची केली. कूस एकदाही बदलली नाही. बाई वाचली. ड्यूटी संपताना मला आठवलं, की सकाळी काकांना उजव्या कुशीवर निजवलं होतं. म्हणजे चालणारा हात अंगाखाली. दिवसभर. बोटं सुजली होती. माझ्याकडे बघून ते हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी कंबरेखाली लाल डाग. आज तिथे जखम आहे, रुपयाएवढी. सगळे म्हणतात, टिका तर आहेत, म्हणजे काळजी घेतलेली दिसते, म्हातारी कातडी, व्हायचंच.

मला झोप येत नाही, आत्या. मी काय करू?

चिंगी

—

११ मार्च

चिंगे,

तुझं पत्र वाचलं आणि लगेच काडी लावून टाकली. असलं कागदावर ठेवू नये.

काय करू, म्हणून विचारतेस? ते तुला ठाऊक आहे. स्वतःच्या पायांनी मेट्रनकडे जायचं आणि सांगायचं. रक्त वगैरे ठीक आहे, ते मलाही होतं, रोज होतं. पण खोटी सही करणारी नर्स आणि विष घालणारी बाई यांत मी तरी फरक करत नाही. आज रुपयाएवढी आहे. हाड दिसायला किती दिवस लागतात ते मी तुला सांगायला हवं का?

मी आठ दिवस वाट बघते. तू सांगितलंस की मला कळव.

आत्या

—

२ एप्रिल

आत्या,

मला चौकशीला बोलावलंय. सतरा तारखेला. कुणीतरी कळवलं.

मी जाणारच होते गं. खरंच जाणार होते. दोनदा मेट्रनच्या दारापर्यंत गेले आणि तुझा फोटो बघून परत आले. आता कोण म्हणणार की जाणार होते म्हणून?

त्यांना सगळं माहीत आहे. दहा, बारा, दोन. उजवी कूस. बोटं. हे त्या बदली मुलीला माहीत असणं शक्य नाही, ती नंतर आली. म्हणजे जोडीदार. दुसऱ्या दिवशी तिनेच काकांचा हात बघितला होता. काल औषधांच्या खोलीत मी तिला गाठलं. म्हटलं, "तुझा डोळा इनचार्जच्या जागेवर आहे ना? घे, माझ्या मढ्यावर बसून घे." "तुझ्या टिका मी किती वेळा निस्तरल्या, विसरलीस?" एवढंच ती म्हणाली आणि बाहेर गेली. तेव्हापासून आम्ही एकमेकींशी बोलत नाही. दोघींत अठ्ठावीस पेशंट आणि मध्ये सासू. बोलणं सगळं तिच्यामार्फत.

तू मेट्रनना ओळखतेस. तुझ्या शब्दाला वजन आहे. एक ओळ लिही. मी चूक कबूल करते, फक्त माझी नर्सची नोंदणी काढून घेऊ नका, एवढंच सांग. मला दुसरं काही येत नाही, आत्या. मला हेच येतं.

चिंगी

—

८ एप्रिल

चिंगे,

मेट्रनला लिहायचं ते मी लिहीन. तू घाबरू नकोस. खरं सांग, मान वर ठेवून सांग.

जोडीदारणीवर उगाच आळ घेऊ नकोस. कुणी कळवलं यानं काय फरक पडतो? ज्यानं कळवलं त्यानं तुझ्या भल्यासाठीच कळवलं असेल. पहिल्यांदा सुटलेली नर्स दुसऱ्यांदा माणूस मारते. हे मी पाहिलंय.

जेवत जा.

आत्या

—

२५ एप्रिल

मेट्रननी टेबलावर एक पाकीट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे अक्षर तुमचं का?"

निळी शाई. कोपऱ्यावर माझ्या कपाचा गोल डाग. "हे तुलाच सांगतेय." चौकशीतल्या तिघांनी ते हातोहात वाचलं. शिंपीकाकांच्या ब्लाउजच्या चेष्टेशी आल्यावर त्यातले एक गृहस्थ हसले.

सोबत तुझी चिठ्ठी होती, चार ओळींची, बारा मार्चची. शेवटची ओळ मला पाठ झाली आहे: "माझ्या घरातलं माणूस म्हणून तिला कसलीही सूट देऊ नये." बारा मार्च. मला आठ दिवस दिले होतेस ना? एक दिवससुद्धा थांबली नाहीस.

मेट्रन म्हणाल्या, "तुमच्या आत्याबाईंचं मन मी मोडू शकत नाही." हे म्हणताना त्यांचा चेहरा असा होता, की त्या कितीतरी वर्षं हे वाक्य घेऊन बसल्या असाव्यात.

नोंदणी दोन वर्षं बंद. नंतरचं नंतर बघू, असं म्हणाले. कोण बघणार?

जोडीदारणीची मी माफी मागायला गेले. तिने दार उघडलं नाही.

पत्र पाठवू नकोस.

—

१० मे

चिंगे,

तू रागावलीस. रागव. मीही तुझ्या वयाची असते तर रागावले असते.

पण मला सांग, मी काय करायला हवं होतं? पत्र खरंच जाळून टाकायचं? मग त्या म्हाताऱ्याचं कोण होतं? तू पहिल्या पगारातून मला शाल आणलीस, ती अंगावर घेऊनच मी ती चिठ्ठी लिहिली. सोपं नव्हतं.

उत्तर पाठव.

आत्या

—

३० जून

चिंगे,

हे तिसरं. मधलं पत्र परत आलं, वर 'घेत नाही' असं तुझ्या हातचं लिहिलेलं. माझ्या शेजारच्या काकू म्हणतात, तू आता लोकांच्या घरी जाऊन म्हातारी माणसं सांभाळतेस, त्यांना न्हाऊ घालतेस. त्यात कमीपणा नाही. पाठ नीट पुसत जा, ओल राहू देऊ नकोस.

मी बरी आहे.

आत्या

—

१४ ऑगस्ट

चिंगे,

पाकिटावरचं अक्षर काकूंचं आहे म्हणून तू उघडशील असं वाटलं. आतलं माझं आहे. पेन्सिलीनं, एका कुशीवर पडून लिहितेय, ओळी वाकड्या गेल्या तर समजून घे.

मी न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं. तीन आठवडे झाले. तळमजला, माझाच वॉर्ड. नऊ नंबर.

पहिल्या दिवशी मी त्यांना चार गोष्टी सुनावल्या. चादरीचा कोपरा, नखं, पाण्याचा तांब्या कुठे ठेवावा. दुसऱ्या दिवसापासून बोलावण्याची घंटा माझ्या हाताला लागत नाही अशी टांगलेली असते. तुझी जागा कुणी भरलेली नाही. तुझी जोडीदार आहे आणि एक शिकाऊ मुलगी. ती मुलगी सकाळी आली की माझ्या चौकोनात एकदम संध्याकाळपर्यंतच्या टिका करून टाकते. मी बघते. तुझ्यासारखं एका हातानं रक्त दाबून नव्हे, उभी राहून, चहा पिताना. मी म्हटलं, "अगं, निदान बाराची बारा वाजता कर." ती म्हणाली, "आजी, तुमच्या वेळेला सासू नव्हती." नाव तेच ठेवलंय.

माझ्या पाठीला जखम झाली आहे. मला दिसत नाही, पण वास मी ओळखते.

काल मेट्रन आली. खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली, हात मागे बांधून, मी उभी राहायची तशी. म्हणाली, "सिस्टर, वहीत काय लिहू? आपल्याकडे झालेली, की घरून आणलेली?"

तुला आता सांगते. हे कुणालाही सांगितलेलं नाही. माझ्या वहीचा पहिला रकाना कोरा होता, कारण मी तो कोरा ठेवला. आमच्याकडेही दोघीच असायच्या, आणि तेव्हा खाटा चाळीस होत्या. पाठी करायच्या राहायच्या. जखम झाली की मी दुसऱ्या रकान्यात लिहायची. घरून आणलेली म्हटलं की घरी धाडता यायचं. एक धोबीण होती. स्वतःच्या पायांनी चालत आली होती, पोट दुखतं म्हणून. तिची पाठ गेली तेव्हा मी लिहिलं, घरून आणलेली. मुकी तेव्हा नवीन. सगळ्यांसमोर म्हणाली, "पण सिस्टर, बाई तर चालत आल्या होत्या." मी तिला तीन महिने बेडपॅनच्या खोलीत घातलं. धोबिणीला घरी पाठवलं. पुढचं मी विचारलं नाही. अशा किती, ते मोजलं नाही.

मुकीनं सगळं लक्षात ठेवलंय.

आता काम सांगते. 'आपल्याकडे झालेली' असं ठरलं, तर मला हवेची गादी मिळेल आणि जखमेची पट्टी रोज बदलायला वेगळी नर्स येईल. 'घरून आणलेली' ठरलं, तर सोमवारी घरी. घरी कोण आहे? काकूंचे स्वतःचे गुडघे गेलेत. फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाची सही लागते, पेशंटला जखम आधीपासून होती का, हो की नाही. माझं म्हणणं धरत नाहीत, म्हणतात म्हातारीला भ्रम होतो. येत्या शुक्रवारपर्यंत मुदत आहे. तुझ्याशिवाय कुणी नाही.

फक्त 'नाही' लिहायचं आहे, चिंगे. खोटं लिही म्हणत नाही. जे खरं आहे तेच.

आत्या

—

२१ ऑगस्ट, शुक्रवार

आत्याबाई,

हे पत्र जोडीदारणीकडे देऊन जातेय. तुम्ही जाग्या झालात की ती वाचायला देईल.

मी भेटीच्या वेळेत आले होते. तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपला होतात. उजवी कूस. मी पांघरूण वर केलं आणि पट्टी सोडवून बघितली. तळहाताएवढी आहे. आतला रंग लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. काठ हातानं चाचपून बघितले, तुम्ही शिकवलंत तसे. अशी जखम दोन आठवड्यांची असते, फार तर अडीच. तुम्ही आलात तेव्हा नव्हती. त्याबद्दल मला कसलीही शंका नाही.

मग मी तुम्हाला डाव्या कुशीवर वळवलं. एकटीनं, मान आणि मोडलेला पाय सांभाळून. तुम्ही कण्हलात, जाग आली नाही. स्क्रीनवर टिक करायला गेले तर ती आधीच होती. चारची, सहाची, आठचीही. तेव्हा वाजले होते साडेतीन.

जोडीदारणीनं मला फॉर्म दिला. पाच महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "त्या मुलीच्या टिका माझ्या नावावर आहेत. 'नाही' लिहिलंस तर पुढच्या सतरा तारखेला मी त्या टेबलासमोर. दोन पोरं आहेत मला." एवढं म्हणून खिडकीकडे बघत उभी राहिली. मी तिला म्हटलं, तुझ्यासाठी करतेय. तिनं माझा हात धरला. आता आम्ही बोलतो.

तुम्हाला मात्र खोटं सांगत नाही. तिनं काही म्हटलं नसतं तरी मी तेच लिहिलं असतं.

शिंपीकाका जूनमध्ये गेले. तुम्ही त्यांच्याच खाटेवर आहात. त्यांच्या मुलाला मी भेटायला गेले होते, त्यानं मला आत बोलावलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "सिस्टर, तुम्ही तरी कबूल केलंत." मी त्याला सांगितलं नाही, की मी कबूल केलं नव्हतं, मला पकडून दिलं होतं.

फॉर्मवर प्रश्न होता: जखम दाखल होण्याआधी होती का? मी लिहिलं, हो, घरून आणलेली. मेट्रन तिथेच उभ्या होत्या. त्यांनी वाचलं, दोनदा वाचलं. स्वतःचं पेन काढून त्यांनी खाली सही केली आणि टोपण लावलं.

सहीपुढे नातं लिहायचं होतं. 'भाची' लिहिलं. घरातलं माणूस म्हणून सूट नको, हे तुमचंच म्हणणं.

सोमवारी अकरा वाजता गाडी येईल. शाल मी पायथ्याशी ठेवली आहे. घरी पोचलात की दर दोन तासांनी कूस बदला.